रांगेतलं सातवं काम

मार्केट यार्डातल्या आमच्या ऑफिसात
मशीन एकच, आणि संगणक अकरा.
छापतं तेच, स्कॅन करतं तेच,
फॅक्सही तेच लावतं,
कारण गोदामाच्या विमावाल्यांना अजून फॅक्सच लागतो.
त्याच्या शेजारी मी बसते, सहा वर्षं झाली,
अकरा-अकरा महिन्यांच्या तुकड्यांनी.

माझ्या पडद्यावर रांग दिसते.
कागद बाहेर येईपर्यंत कुणाला काही कळत नाही
असं लोकांना वाटतं.
मला नावं दिसतात.
मगदूम लेखापालांच्या 'ताळेबंद'मागून
'मुलगी_परिचयपत्र_शेवटचं_३'.
नदाफ मॅडमचा 'रजा_अर्ज', आणि दोन मिनिटांनी
'रजा_अर्ज_कमी_दिवस'.
आवटी रिटायर व्हायच्या आठवड्यात
एकशे बारा पानं सोडून गेले,
'माझे_विचार', सगळी रंगीत.
मी काळ्यात काढली.

हळदीच्या दिवसांत काचेवर पिवळं बसतं.
सौद्यातून उठून आलेला माणूस
बाजूच्या बारीक काचेवर तसाच हात टेकतो,
मग आठवडाभर प्रत्येक स्कॅनमधून
एक पिवळी रेघ उभी जाते,
आधार कार्डावरून, सातबाऱ्यावरून,
सचिवसाहेबांच्या सहीच्या मधोमध.
कंपनीचा पोरगा म्हणाला, काच बदला.
म्हटलं, काच राहू दे, बाहेर हात धुवायला नळ बसवा.
दोन्ही झालं नाही.
मी स्पिरिटचा बोळा फिरवते.

बुधवारी साडेचारला कागद संपला.
लाल दिवा. खिडकीत हमालीच्या पावत्यांसाठी
चौघं उभे, पाठीवर पोत्यांची धूळ.
'काय ओ बाई, कुठं अडकलं आमचं?'
मी रांग उघडली.
सहावं निम्मं छापून थांबलेलं,
आणि सातवं, सचिवांच्या केबिनमधून, दोन पानं,
'कंत्राटी_ऑपरेटर_मुदतवाढ_नाही'.

कंत्राटी ऑपरेटर ऑफिसात एकच आहे.

उजवं बटण दाबलं की तीन शब्द येतात,
थांबवा, पुन्हा सुरू करा, रद्द करा.
तिसऱ्यावर बाण किती वेळ होता
ते सांगणार नाही.
आठवं काम पावत्यांचं होतं, चौदा पानं.
नववं नदाफ मॅडमचं, मिरजेच्या दवाखान्याचं बिल.
मी सातव्याला थांबवलं.
रद्द नाही. थांबवलं.
नवं रिम फोडलं, कडा फुलवल्या,
दुसरा ट्रे जरा उचलून ढकलला, तसाच तो बसतो.
पावत्या निघाल्या. दगडू ऐवळेनं आपली
गालाला लावून बघितली.
'ऊन हाय की,' म्हणाला, आणि चौघं हसले.

साडेपाचला ऑफिस रिकामं झाल्यावर
सातवं सोडलं.
दोन पानं आली, तीही ऊनच.
चूक एकच होती, माझं आडनाव,
'म्हेत्रे'चं 'मेहेत्रे' केलेलं.
दुरुस्त करून द्यावं वाटलं. फाइल माझ्याकडं नव्हती.

सकाळी सही होऊन ते माझ्याच टेबलावर आलं.
स्कॅन करून एजन्सीला, कोल्हापूरला, फॅक्स करणे.
काच पुसायची राहिली होती.
पिवळी रेघ माझ्या नावावरून खाली गेली
पार तारखेपर्यंत. फॅक्सवर ती काळी दिसते.

नंबर एंगेज.
मशीन दर पाच मिनिटांनी आपलं आपणच लावतं.
तोवर मी एक कागद लिहिला, झाकणावर चिकटवला:
दुसरा ट्रे उचलून ढकलणे.
काच सौद्यानंतर पुसणे, पाणी नको, स्पिरिट.
रांग अडली तर सगळं रद्द करू नये,
आधी खिडकीत कोण उभं आहे ते बघावं.
रिम कपाटात. किल्ली पंख्याच्या बटणावर.

चौथ्यांदा रिंग गेली.